समांतर जालक-सदृशीकरण

समांतर जालक-सदृशीकरण : एखादे क्षेत्र लहान घरांच्या जालकात विभागून, प्रत्येक घरासाठी समीकरणे सोडवून, त्यातील घटनेची संगणकावर प्रतिकृती तयार करणे म्हणजे जालक-सदृशीकरण होय. परस्परांवर अवलंबून नसलेली अशी अनेक सदृशीकरणे निरनिराळ्या प्रक्रियकांवर (गणना करणाऱ्या घटकांवर) एकाच वेळी चालविता येतात.

एकच मोठे जालक अनेक प्रक्रियकांत वाटल्यास सीमेवरील घरांची मूल्ये त्यांना वारंवार एकमेकांना कळवावी लागतात व त्यात वेळ जातो. स्वतंत्र सदृशीकरणांत ही देवघेव नसते. एक गणना बंद पडली, तरी इतर गणना चालू राहतात. मात्र प्रत्येक गणनेस स्वतंत्र स्मृती लागते.

पूर-अंदाजात या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट होते. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांवर गेले होते. ही पातळी घाटमाथ्यावरील पाऊस, राधानगरीसारख्या धरणांतील विसर्ग आणि खाली नृसिंहवाडीस कृष्णेची पातळी यांवर अवलंबून असते. प्रत्येकाच्या चार शक्यता धरल्यास ६४ सदृशीकरणे होतात. एकास अर्धा तास लागतो असे मानल्यास एका प्रक्रियकावर ३२ तास, तर १६ प्रक्रियकांवर २ तास लागतील. वस्ती हलविण्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. ६४ हून अधिक प्रक्रियक वापरून मात्र अर्ध्या तासाखाली येता येत नाही. कारण त्यामुळे एकेका गणनेचा वेग वाढत नाही.

हवामानशास्त्रात या तत्त्वावर समूह-अंदाज वर्तवितात. भारतात जून २०१८ मध्ये १२ किमी. जालकावर, प्रारंभिक स्थितीत अल्प फरक ठेवून, २१ अंदाज काढणारी प्रणाली कार्यान्वित झाली. तिच्या विकासात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा वाटा होता. २१ पैकी किती अंदाजांत अतिवृष्टी दिसते, त्यावरून तिची संभाव्यता ठरवितात.

तथापि सदृशीकरणांची संख्या वाढवून जालकाचा स्थूलपणा भरून निघत नाही. अतिवृष्टीचे गगनबावडा व तुलनेने कमी पावसाचे कोल्हापूर यांत सरळ रेषेत सु. ४५ किमी. अंतर आहे, १२ किमी. जालकात तेथे जेमतेम चार घरे येतात. घाटाचा तीव्र उतार त्यांत नीट उतरत नाही, आणि हा दोष सर्वच अंदाजांत समान राहतो. म्हणून त्यांचे एकमत म्हणजे अचूकतेची खात्री नव्हे.