वायर कापण्यापूर्वी

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी सलग अकरा दिवस लोखंडी स्टुलावर बसून काढले. निवृत्त बँक अधिकाऱ्याला, त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्याला, तिथे खरे तर काहीच काम नव्हते. पण माझ्या थोरल्या बहिणीने मला तिथे चक्क नेमले होते. "तो काय करतोय ते बघ. गाडीतलं मला कळत नाही, तुलाही कळत नाही, पण तू निदान बसून राहशील," असे ती म्हणाली. बँकेत तेहतीस वर्षे मी बरेचसे हेच केले असल्यामुळे नकार देता येईना.

'तो' म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. त्याला मोटारींच्या शर्यतींचे वेड आहे. त्याच्याकडे कार्ब्युरेटरवर चालणारी एक जुनी जिप्सी किंग आहे. तिचे इंजिन १,२९८ सीसीचे. ते काढून तिथे भंगारात निघालेल्या एका बलेनोचे १,५९० सीसीचे इंजिन बसवायचे त्याने ठरवले होते. ही बलेनो म्हणजे १९९९ साली आलेली जुनी, लांब डिकीची गाडी. हे इंजिन जिप्सीत बसवण्याची रीत शौकिनांत जुनीच आहे. ताकद वाढते आणि दोन्ही घराणी सुझुकीचीच असल्यामुळे सोयरीक जमते.

मी पहिला प्रश्न बँकवाल्याचा विचारला : कागदपत्रांचे काय? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे फेरफार खपवून घेत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. भाचा म्हणाला, "मामा, ही गाडी रस्त्यावर येणारच नाही. ट्रकवर चढवून ट्रॅकवर न्यायची, तिथं पळवायची, परत ट्रकवर." माझे समाधान झाले. ताईचे झाले नाही. कारण तिची भीती कायद्याची नव्हती.

इंजिन बसवण्याचे लोखंडी काम चार दिवसांत उरकले. उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगवाले हाकेच्या अंतरावर असतात. खरे काम त्यानंतर सुरू झाले, ते वायरिंगचे. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला मोजक्याच वायरी पुरतात. पण पेट्रोल फवाऱ्याने घेणाऱ्या इंजिनाला संगणक लागतो. पाणी किती तापले, हवा किती आली, थ्रॉटल किती उघडला, शाफ्ट कुठवर फिरला, हे त्याला क्षणोक्षणी कळावे लागते आणि त्यानुसार इंजेक्टरला, कॉइलला, पंपाला हुकूम सोडावे लागतात. या साऱ्या निरोपांची ये-जा ज्या जाड जुडग्यातून होते त्याला हार्नेस म्हणतात. बलेनोत इंजिन आडवे बसते, जिप्सीत उभे. त्यामुळे बलेनोचा हार्नेस जसाच्या तसा बसेना. काही वायरी लांडी आखूड, तर काही उगाच हातभर लांब.

वायरिंगसाठी आले ते अण्णा. वय सत्तरीच्या आसपास, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि कानावर पेन्सिल. १९९३ साली मी इथल्या शाखेत असताना त्यांना बॅटरी चार्जर आणि अल्टरनेटर तपासायच्या बेंचसाठी कर्ज दिले होते. शेवटचा हप्ता त्यांनी मुदतीच्या दोन महिने आधी भरला होता, हे मला अजून आठवते. अशी माणसे बँकवाला विसरत नाही.

भाचा कटर हातात घेऊनच उभा होता. "अण्णा, ह्या गाडीला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मागची काच तापवायची तार नाही, रेडिओ नाही. निम्म्या वायरी कचरा आहेत. कापून टाकू."

"कापून ताकद किती वाढंल?" अण्णांनी विचारले.

"ताकद नाही, पण वजन..."

"कटर खाली ठेव पोरा. आधी वही आण."

पुढचे तीन दिवस एकही वायर कापली गेली नाही. हार्नेस प्लायवुडच्या फळीवर पसरला. त्यावरची काळी टेप अण्णांनी हलक्या हाताने उसवली. प्रत्येक वायरला कागदी पट्टी बांधली. वहीत रकाने आखले : वायरचा रंग, तिच्यावरच्या बारीक पट्टीचा रंग, कुठून निघते, कुठे जाते, काम काय. मीटरची एक सुई या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मीटर वाजला की भाचा वहीत लिहिणार. मला लेजर टॅली करण्याचे दिवस आठवले. एक 'बीप' वाजला की एक नोंद जुळली.

मग एकेक गंमत बाहेर येऊ लागली. बाहेरून सुटी दिसणारी वायर टेपच्या आत इतर दोघी-तिघींना जोडलेली असते. कारखान्यात तांबे वाचवायला एकच अर्थ अनेकांना वाटून दिलेला असतो. एसीची म्हणून जी काळी वायर भाचा पहिल्या दिवशी कापणार होता, तिच्याच पोटातून पुढे एका सेन्सरचा अर्थ निघत होता. ती कापली असती तर एसी गेला असताच. पण सोबत इंजिनाची अर्धी अक्कलही गेली असती.

अर्थची गोष्ट तर मला फार आवडली. पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे तापेल तसा विरोध कमी करणारा एक तुकडा. त्याच्यावरचे व्होल्टेज मोजून संगणक तापमान ओळखतो. हा सारा कारभार पाच व्होल्टच्या आतला. म्हणून त्याची परतीची वायर वेगळी, थेट संगणकापर्यंत नेलेली असते. ती 'वाचवून' सेन्सर जवळच्या बॉडीला टेकवला आणि त्याच जागेवरून पंख्याचा मोठा प्रवाह परतू लागला, तर मोजमापात खोट येते. संगणकाला वाटते इंजिन अजून गार आहे. तो पेट्रोल वाढवतो. माणूस मग इंजेक्टर बदलतो, प्लग बदलतो, नशिबाला दोष देतो.

"मग कमी करायचंच कशाला?" मी विचारले.

"करायचंच की साहेब," अण्णा म्हणाले. "शर्यतीत धूळ, पाणी, हादरा. जेवढे कपलर, तेवढ्या बिघाडाच्या जागा. रात्री बॅटरीच्या उजेडात फॉल्ट शोधायचा तर समोर तीस वायरी असलेल्या बऱ्या का शंभर? पन काय काढलं ते ठावं पायजे."

चौथ्या दिवशी सबंध हार्नेस तसाच जोडून, गाडीभोवती जमिनीवर लोळत ठेवून, त्यांनी इंजिन आधी चालू केले. मगच एकेक वायर सोडवायची, इंजिन चालू करायचे, तापू द्यायचे, बघायचे; आणि ठीक असेल तरच मुळापर्यंत मागे जाऊन ती काढायची. एसी सुरू होताच इंजिनाचा वेग किंचित वाढवायला सांगणारी वायर गेली. पॉवर स्टिअरिंगच्या स्विचची गेली. वाहनाचा वेग सांगणाऱ्या सेन्सरची भाचा काढणार होता, तेव्हा अण्णांनी हात धरला. काही गाड्यांत ती काढली की ब्रेक मारून थांबताना इंजिन बंद पडते. ती राहिली.

मग आला लाल दिवा. जुना डॅशबोर्ड काढून भाच्याने ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा लावला होता. त्यावर बॅटरीच्या चित्राचा छोटा लाल दिवा त्याला नको होता. "मीटर लावलाय की व्होल्टेजचा. दिवा कशाला?"

"त्यो नुसता दिवा न्हाई," अण्णा म्हणाले.

अल्टरनेटर वीज तयार करतो, पण ती करू लागण्यासाठी आत थोडे चुंबकत्व जागे करावे लागते. त्यासाठी लागणारा पहिला बारीक प्रवाह किल्लीकडून या दिव्यातूनच जातो. अल्टरनेटर जागा झाला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. सगळ्याच गाड्यांत असे नसते. पण अण्णांनी बसवलेला अल्टरनेटर या जातीचा होता. दिवा काढला असता तर अल्टरनेटर झोपून राहिला असता आणि गाडी बॅटरीवर थोडा वेळ झकास पळून भर शर्यतीत गप्प झाली असती.

खरी खडाजंगी झाली ती पेट्रोलपंपावरून. टाकीतल्या विजेच्या पंपाला संगणक रिलेमार्फत चालवतो. किल्ली फिरवली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. इंजिन फिरू लागल्याची खूण मिळाली की पुन्हा सुरू होतो. भाच्याचे म्हणणे, एवढे लोढणे कशाला? किल्लीवरून पंपाला 'डायरेक्ट' देऊ. एक रिले कमी, दोन वायरी कमी. उद्यमनगरात 'डायरेक्ट' हा शब्द फार लाडका आहे आणि पुष्कळदा त्याने काम भागतेही.

अण्णांनी पाना खाली ठेवला. "गाडी उलटली. इंजिन बंद पडलं. तू आत बेसूद. किल्ली चालूच. पेट्रोलचा पाइप तुटलाय. तुझा डायरेक्ट पंप काय करील?"

भाचा काही बोलला नाही. मीही नाही. संगणकाकडून येणारी ती एक वायर इंजिन थांबले की पंप थांबवते. गाडी नीट चालत असते तोवर तिचे हे काम कुणालाच दिसत नाही. ताई कशाला घाबरते, ते मला त्या दुपारी कळले.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी भाच्याला एक गोष्ट सांगितली. ती मी कुठल्याच कादंबरीत घातलेली नाही.

१९९० नंतरची गोष्ट. तालुक्याच्या एका शाखेत संगणक आला आणि लेजरमधली खाती त्यात उतरवण्याचे काम माझ्याकडे होते. नाव, पत्ता, शिल्लक, वारस हे सारे ठीक; पण प्रत्येक पानाच्या कडेला 'शेरा' असा रकाना होता. त्यात पंचवीस वर्षांचा गाळ साचलेला : 'पासबुक हरवले, नवे दिले', 'पत्ता चपलेच्या दुकानामागे', 'कमी ऐकू येते'. हे टंकायला फार वेळ जाई. मी हुकूम दिला, शेरा सोडून द्या. काम नऊ दिवस आधी संपले. वरून शाबासकीचे पत्र आले. ते माझ्याकडे अजून आहे.

चार महिन्यांनी एक विधवा बाई आल्या. नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांच्या खात्यात होते. मुलाने त्यांच्या सहीचा बेअरर चेक वटवून बावीस हजार नेले होते. सही त्यांचीच होती, कोऱ्या चेकवर घेतलेली. चौकशी झाली. सही जुळते, शिल्लक होती, बँकेचा दोष नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "साहेब, आधीच्या साहेबांनी तिथं लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. ते कुठं गेलं?"

शाखा बंद झाल्यावर मी जुने लेजर काढले. शेरा होता : 'मोठी रक्कम असल्यास बाईंना विचारून.' एवढेच. का, ते लिहिलेले नव्हते. मुलगा कसा आहे हे बाईंनी विश्वासाने सांगितले असेल आणि साहेबांनी ते मनात ठेवले असेल. कारण लिहिले असते तर माझा हात थांबला असता, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. पण खरे हे की, मी तो शेरा वाचलाच नव्हता. ज्या शेऱ्यांमुळे कधी काही घडलेले दिसत नव्हते, त्यांना मी गाळ म्हटले. ते होते म्हणूनच काही घडत नव्हते, हे मला सुचले नाही.

सोपे करण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः कादंबरीची पन्नास-पन्नास पाने फाडली आहेत. पण सोपे करणे ही समजण्याची शेवटची पायरी आहे. पहिल्या पायरीवर केले की ती नुसती कापाकापी होते. आणि अर्धी जबाबदारी लावणाऱ्याचीही आहे. ज्याने वायर लावली, शेरा मारला, नियम केला, त्याने तो कशासाठी हे लिहून ठेवले नाही तर पुढचा शहाणा माणूस तो काढणारच.

अकराव्या दिवशी गाडी तयार झाली. काढलेल्या वायरींचे वजन शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर सव्वादोन किलो भरले. एवढ्यासाठी एवढे, असे कुणालाही वाटेल. भाच्याने किल्ली फिरवली. पंप गुणगुणला, थांबला. पत्र्यावरचा लाल दिवा पेटला. इंजिन धडाडले आणि दिवा विझला. "मामा, विझला!" तो ओरडला. दिवा विझल्याचा इतका आनंद मी पहिल्यांदाच पाहिला.

मग त्याने वहीची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटमागे ठेवायला घेतली. मी ती चाळली. पंपाच्या वायरीच्या ओळीत त्याने लाल शाईने लिहिले होते : 'काढू नये.'

"का, तेही लिही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे की, मामा."

"तू गाडी विकशील तेव्हा पुढच्याला माहीत नसेल."

त्याने पेन उघडून शेजारी लिहिले : 'अपघातात इंजिन थांबले की पंप थांबावा म्हणून.' अण्णांनी चष्मा वर करून ते वाचले आणि काही न बोलता मान हलवली.

रात्री ताईचा फोन आला. "अकरा दिवस काय केलं रे त्यानं?"

"वही लिहिली," मी सांगितले.