जनुकांची परीक्षा आणि बाजार

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात कोरकू, भिलाला, बारेला आदी आदिवासी बांधवांची वस्ती आहे. मध्य भारतातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार विशेष आढळतो. त्याच्या निर्मूलनार्थ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी करावी, असे तिचे उद्दिष्ट आहे.

या तपासणीची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रथम थेंबभर रक्ताची साधी परीक्षा होते. दोष दिसल्यास खात्रीची दुसरी परीक्षा होते. आणि नंतर निकालाचा अर्थ समजावून सांगितला जातो. विकाराचा वाहक स्वतः सहसा रोगी नसतो. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव शेकडा २५, केवळ वाहक असण्याचा ५० आणि निर्दोष असण्याचा २५ असतो. एवढे न सांगता नुसता कागद हाती दिला, तर एखाद्या निरोगी मुलीचे ठरलेले लग्न मोडावयास तो पुरेसा होतो.

आता असे कागद बाजारातही विकत मिळू लागले आहेत. घरपोच आलेल्या नळीत लाळ भरून धाडावी आणि भावी रोगांचे भाकीत मिळवावे, असा हा व्यापार. अमेरिकेतील 'ट्वेन्टीथ्री अँड मी' या कंपनीस तेथील औषध प्रशासनाने २०१३ साली रोगविषयक अहवालांची विक्री थांबविण्यास बजावले. २०१५ पासून, पुरावा तपासून, काही अहवालांना परवानगी दिली. २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांची जनुकीय माहितीही विकाऊ मालमत्तेत गणली गेली. बुडालेला पैसा पुन्हा मिळविता येतो. रक्ताची ओळख बदलता येत नाही. शिवाय ती एकट्याची नसते, भावंडांची व मुलाबाळांचीही असते.

आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानास बंदी घातली व गर्भाची जनुकीय तपासणी करणाऱ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. घरपोच विकल्या जाणाऱ्या परीक्षांसाठी मात्र स्वतंत्र कायदा नाही. पाड्यावरील तपासणीत जी शिस्त अपेक्षित आहे, म्हणजे खात्रीची दुसरी परीक्षा, जाणत्याचा सल्ला आणि गुप्तता, तीच विक्रेत्यावरही बंधनकारक व्हावयास हवी.

तोवर प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे: डॉक्टरांना विचारल्यावाचून अशी परीक्षा विकत घेऊ नये, सिकलसेलची शंका असल्यास सरकारी दवाखान्यात विनामूल्य तपासणी करून घ्यावी, आणि शेजाऱ्याच्या मुलीचा अहवाल चावडीवरच्या गप्पांचा विषय होऊ देऊ नये.