चौऱ्याण्णवचं कोडं

संध्याकाळचे साडेसात म्हणजे आमच्या घरात भांडणाची वेळ. मी खालच्या खोलीत दहावीच्या आठ मुलांना ऑनलाइन भूमिती शिकवायला बसलेली, माडीवर मुलाची पुण्याच्या ऑफिसबरोबर मीटिंग, बैठकीत सासूबाईंची मालिका, ह्यांची मॅच दुसऱ्या टीव्हीवर आणि नातवाचा गेम कुठल्यातरी कोपऱ्यात. मी प्रमेयाच्या ऐन सिद्धतेत असताना मुलं म्हणायची, “मॅडम, आवाज तुटतोय.” त्याच क्षणी नातू ओरडायचा, “आजी, तुझा क्लास सुरू झाला की माझा गेम लटकतो!”

घर साताऱ्यात, शनिवार पेठेत. खालचा भाग जुना, दोन फूट रुंद दगडमातीच्या भिंतींचा. माडी नंतर स्लॅब टाकून चढवलेली. माणसं सहा, पण इंटरनेटच्या दृष्टीनं आम्ही सतराजण आहोत: सहा मोबाईल, तीन लॅपटॉप, दोन टीव्ही, तीन कॅमेरे, एक टॅब, एक प्रिंटर आणि गीझरचा एक स्मार्ट प्लग. ही मोजणी मी फार उशिरा केली. आधी चारचौघं करतात तेच केलं, प्लॅन वाढवला. १०० एमबीपीएसचा २०० केला, महिन्याचे जास्तीचे पैसे भरले आणि आवाज तुटतच राहिला.

कंपनीला फोन केला की पलीकडून एकच उत्तर, “मॅडम, आमच्याकडून २०० येतंय.” मग भाच्यानं सांगितलं, वाय-फाय बाजूला ठेव, लॅपटॉप वायरनं राउटरला जोड आणि वेग मोज. मोजला. ९४. रात्री बारा वाजता मोजला, ९४. पहाटे साडेपाचला मोजला, तरी ९४.

मी २८ वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. इतका हट्टी आकडा दिसला की संशय येतो. गर्दीमुळे वेग पडत असता तर आकडा वेळेनुसार खाली-वर झाला असता. जागचा न हलणारा आकडा म्हणजे मध्ये कुठेतरी ठरावीक मापाचं तोंड आहे. राउटरचं खोकं माळ्यावरून काढलं, चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला आणि कोडं सुटलं. वायर खोचायच्या खोबणीपुढे लिहिलं होतं ‘१०/१००’. ती खोबण १०० एमबीपीएसच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि त्यातला थोडा वेग माहितीच्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे वाहण्यात जातो. उरतात साधारण ९४. दुकानदारानं मात्र खोक्यावरच्या ‘एसी १२००’वर बोट ठेवून “बाराशेचा वेग आहे” म्हणत तो माझ्या गळ्यात मारला होता. पोट रांजणाचं, तोंड तांब्याचं!

तेव्हा पहिला धडा हाच. राउटर घेताना खोक्यावर ‘गिगाबिट’ किंवा ‘१०/१००/१०००’ हे शब्द शोधा, आणि इंटरनेट आत येतं त्या खोबणीसाठी, म्हणजे ‘वॅन’ पोर्टसाठी, ते लिहिलंय याची खात्री करा.

आता त्या बाराशेचा हिशेब. हे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. एकावर कागदोपत्री ३००, दुसऱ्यावर ८६७. बेरीज ११६७, ती फुगवून १२००. म्हणजे माझ्या सायकलचा आणि ह्यांच्या स्कूटरचा वेग एकत्र करून ‘आमच्या घराचा वेग’ सांगण्यासारखं झालं. आपला मोबाईल साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतो, आणि कागदावरचा वेग प्रत्यक्षात मिळत नाही. अशी बेरीज नववीच्या पेपरात कुणी केली असती तर मी शून्य दिलं असतं. अँटेनांचंही तसंच. सहा अँटेना लावून राउटर कोळ्यासारखा दिसतो, पण आपल्या मोबाईलमध्ये बहुतेक दोनच असतात. शिवाय राउटर मोठ्यानं बोलला तरी मोबाईलचा बारीक आवाज उलट राउटरपर्यंत पोचायला हवा ना?

दुकानात आणखी एक घोटाळा होतो तो ‘मोडेम राउटर’ या नावाचा. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून यायचं. त्या तारेवरचे संकेत संगणकाला कळतील असे करणारा तो मोडेम, आणि आलेलं इंटरनेट घरातल्यांना वाटून देणारा तो राउटर. दोन्ही एका डब्यात आले की मोडेम राउटर. असे फोनच्या तारेचे डबे अजूनही कुठे कुठे मिळतात. ज्यांच्याकडे फायबर आहे, त्यांच्या ते उपयोगाचे नाहीत. फायबरमध्ये काचेच्या तंतूतून प्रकाश येतो आणि त्याचं भाषांतर करणारा डबा, ज्याला कंपनीची मुलं ‘ओएनटी’ म्हणतात, बहुतेक वेळा कंपनीच बसवून देते. त्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाही, राउटर बदलून काही होणार नाही. काही ओएनटींमध्ये वाय-फायही असतं. लहान घराला तेवढं पुरतं. आमच्या ओएनटीचं फक्त २.४ वर चालणारं होतं, म्हणून आम्हाला वेगळा राउटर लागला.

मग एका रविवारी मी वहीत गरजेचा हिशेब मांडला. आमचा क्लास ४ एमबीपीएस, मुलाची मीटिंग ४, एक टीव्ही फोर-के चित्रासाठी १५, दुसरा ५, तीन कॅमेरे मिळून ६, नातवाचा गेम फार तर १. बेरीज ३५. दोनशे सोडा, शंभरातलेही पासष्ट उरत होते! रोग वेगाचा नव्हताच. मग आवाज तुटत होता कशानं?

त्यासाठी वहीत घराचा नकाशा काढला आणि मोबाईलवर वाय-फायची ताकद मोजणारं एक फुकट ॲप घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडले. ही ताकद ऋण संख्येत येते. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला नुसतं नाव दिसतं. आणि दर दहा अंकांनी ताकद दहावा हिस्सा होते. राउटरजवळ आकडा उणे ३८ होता. माझ्या क्लासच्या खोलीत २.४ वर उणे ६२, ५ वर उणे ७४. माडीवर ५ जवळजवळ मेलेलंच. कारण सरळ होतं. राउटर दारामागच्या चपलांच्या कपाटावर होता, फायबर ओढणाऱ्या पोराला वायर तिथं संपवणं सोपं गेलं म्हणून. मध्ये दगडी भिंत, तिला टेकून लोखंडी कपाट, पलीकडे स्टीलच्या डब्यांची मांडणी. धातू या लहरी परतवतो आणि जाड भिंत त्या गिळते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण तिथं गर्दी फार. त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या पेठेत शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौदा नावं दिसत होती. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात. मायक्रोवेव्हही. सूनबाईंनी साडेसातला भाजी गरम करायला लावली की माझं प्रमेय का अडखळायचं, ते तेव्हा कळलं.

गर्दीचं गणित पंगतीवरून पटकन समजतं. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. जुन्या पद्धतीत वाढपी एकाच्या पानाशी जातो, त्याचं वाढून झालं की परत येतो आणि मग पुढच्याकडे वळतो. कुणाला नुसती मिठाची चिमूट हवी असली तरी वाढप्याची एक खेप तिच्यासाठीच. त्यात कोपऱ्यातला एखादा ऐकायला कमी असला, म्हणजे लांबचा अशक्त मोबाईल असला, की त्याला वाढण्यातच वेळ जातो आणि बाकीचे ताटकळतात. वाय-फाय ६ मध्ये एकाच खेपेत तबकातून अनेकांना थोडं थोडं वाढायची सोय आहे. म्हणून ज्या घरात उपकरणं पुष्कळ आणि मागणी बारीक बारीक, तिथं २०१९पासून आलेल्या या पिढीचा उपयोग होतो. अर्थात तबकातून घ्यायची रीत उपकरणालाही यावी लागते. वाय-फाय ७ची प्रमाणपत्रं २०२४च्या जानेवारीपासून मिळू लागली, पण घरातले मोबाईल आणि लॅपटॉप जुन्या पिढीचे असतील तर आज त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

शेवटी मी घेतला तो वाय-फाय ६चा, दोन पट्ट्यांचा, सगळी पोर्ट गिगाबिट असलेला साधा राउटर. साडेतीन हजारांच्या आत पडला. त्यात एक सोय मुद्दाम पाहून घेतली, रांग लावण्याची. नातवाचा गेम अपडेट होऊ लागला की रेशनच्या रांगेत चाळीस पोती घेऊन एकटाच पुढे उभा राहावा तसं होतं, मागची मिठाची पुडीवाली खोळंबते. काही राउटर अशा वेळी क्लासला आणि मीटिंगला पुढे सोडतात. खोक्यावर ती सोय ‘क्यूओएस’ नावानं लिहिलेली असते.

राउटर चपलांच्या कपाटावरून उचलून घराच्या मध्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, डोक्याच्या वर बसवला. त्यासाठी फायबर हलवला नाही. तो काचेचा, त्याला तीव्र वळण सोसत नाही. ओएनटी जागेवरच ठेवून तिथून जिन्यापर्यंत साधी कॅट ६ वायर नेली. आणि घरात एक नियम केला: जी वस्तू जागची हलत नाही, तिला वायर. दोन्ही टीव्ही आणि माझा क्लासचा लॅपटॉप वायरवर घेतले. त्यांचं ओझं हवेतून उतरलं आणि उरलेल्या मोबाईलना मोकळा श्वास मिळाला. सतराशेसाठ सेटिंगांपेक्षा या दीडशे फूट वायरनं जास्त काम केलं.

माडीसाठी दुकानदार रिपीटर घ्या म्हणत होता. रिपीटर ऐकलेलं तेच पुन्हा बोलतो, आणि त्याच पट्ट्यावर बोलला तर वेग साधारण निम्मा होतो. दोन-तीन डब्यांचा मेश संच चांगला, पण मला तो राउटरच्या दुप्पट पडत होता. आणि मधली भिंत दोन फुटी असली तर मेशलाही वायरच लागते. मग तीच वायर जिन्यातून वर नेली आणि तिच्या टोकाला कुणाला बसवलं? त्या ९४वाल्या जुन्या राउटरला! त्यातली पत्ते वाटायची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद केली, वायर वॅन सोडून लॅन खोबणीत लावली, आणि तो माडीचा वाटाड्या झाला. एका मजल्याला ९४ भरपूर होतात.

सुरक्षेचंही सांगते. २०१६ साली मिराई नावाच्या किडीनं कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले होते. म्हणून राउटरचा आतला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, वाय-फायच्या कुलुपासाठी डब्ल्यूपीए ३ किंवा निदान डब्ल्यूपीए २ निवडा आणि अपडेट आपोआप येऊ द्या. माझ्याकडे शंका विचारायला मुलं घरी येतात आणि बसल्या बसल्या पासवर्ड मागतात. त्यांच्यासाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क आहे. कॅमेरेही त्यातच टाकले आहेत. आणि वीज गेल्यावर नेट हवं असेल तर ओएनटी आणि राउटर दोघांनाही इन्व्हर्टरवर घ्या, एकाला घेऊन भागत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ काढा. घरात किती उपकरणं, कोण कुठे बसतं, कुठल्या भिंतीपाशी आकडा पडतो, ते कागदावर मांडा. तो कागद हातात असला की दुकानदार अँटेना मोजून दाखवत नाही.

आम्ही प्लॅन परत १०० वर आणला आहे. महिना झाला. घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.