जुनी यंत्रे मोडीत देताना

ज्या विज्ञान-शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विषयाकडे मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने वळावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुन्या विद्युत-यंत्रांच्या विल्हेवाटीचा विचार करू लागलो की मला आपल्या भाषेतलाच एक शब्दप्रयोग आठवतो : 'मोडीत देणे'. फुटकी घागर तांबटाला, झिजलेली बांगडी सराफाला मोडीत द्यावयाची आणि वजनाचा हिशेब करून नवी वस्तू घ्यावयाची. सोनाराच्या दुकानातला केरही वाया जात नसे. तो धुऊन त्यातले सोन्याचे कण वेचणारा तो झारेकरी. हिंदीत त्यालाच न्यारिया म्हणतात.

मग बिघडलेला मोबाईल किंवा संगणक त्याच रीतीने भंगारवाल्याला का देऊ नये? घागरीत तांबे बव्हंशी एकटेच असते. सर्किट बोर्डात मात्र तांबे, कथील, सोने, चांदी आणि जुन्या बोर्डांच्या डाखात शिसे, हे सारे प्लॅस्टिक व काचतंतूंना घट्ट चिकटलेले असते. ते सुटे करण्याचे स्वस्त मार्ग दोनच : आग आणि आम्ल. वायर जाळली की तांबे हाती येते, आणि त्याबरोबर विषारी धूर छातीत जातो. बोर्ड आम्लात बुडविले की सोने सुटते. उरलेले पाणी गटारात जाते. दिल्लीच्या सीलमपुरात आणि पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादेत हा उद्योग वस्त्यांमधून चालत आला आहे. शिशाचा सर्वांत मोठा अपाय होतो तो लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला. ह्यात भंगारवाल्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. तो झारेकऱ्याचाच वारस. त्याच्या टोपलीत विष टाकणारे आपण.

वास्तविक ह्या कचऱ्याचे मोल थोडेथोडके नाही. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे 5,000 पदके जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची होती. 2017 ते 2019 ह्या दोन वर्षांत जपानी नागरिकांनी दिलेल्या वस्तूंतून, त्यांत सुमारे 62 लाख मोबाईल होते, 32 किलो सोने निघाले. उलट 2022 साली जगात निर्माण झालेल्या सुमारे 6.2 कोटी टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे ती पावभागाहूनही कमी.

बॅटऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदार पैसे वळते करून परत घेतो, कारण तिच्यातल्या शिशाला भाव आहे; मोडीची जुनी चाल तेथे अजून जिवंत आहे. घड्याळातल्या पेन्सिल सेलला मात्र कोणी विचारीत नाही. तो बिचारा भाजीच्या देठांबरोबर जातो. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या पुरण्यास व जाळण्यास मनाई केली, त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवाव्यात असे सांगितले. ई-कचऱ्याचे तशाच धर्तीचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले.

आपल्या इंदुरात घंटागाडीला ई-कचऱ्याचा निराळा कप्पा असतो. ही सोय सर्व गावांना नाही. मोठ्या वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्याव्यात आणि पावती मागून घ्यावी. देण्यापूर्वी फोन व संगणकातील आपली खाजगी माहिती पुसावी. मात्र वस्तू घरी उघडू नये. ती अखंड असते तोवर तिच्यातले विष बहुधा आतच राहते.

लिथियमच्या बॅटरीची टोके एकमेकींना वा धातूला टेकली तर ती पेट घेऊ शकते. म्हणून टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी. माळ्यावर किंवा खणात पडलेल्या जुन्या मोबाईलचे पाठीमागचे झाकण उचलले गेले असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. तो फोन चार्ज करू नये, दाबू अथवा टोचू नये. कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात घालून, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून, शक्यतो त्याच दिवशी कंपनीच्या सेवाकेंद्रात पोचवावा.