लिलावातील वस्तू ग्राहकाच्या हाती देताना

ईबेवर जुनी घड्याळे वा कॅमेरे लिलावाने विकणाऱ्या मंडळींना मी नेहमी आग्रहाने सांगतो की, बोली संपल्यावर उद्भवणाऱ्या तंट्यांचा निकाल मुख्यतः दफ्तरी दाखल असलेल्या पुराव्यावरच लागतो.

सर्वांत घातक प्रसंग असा: टपालखर्चासह रक्कम भरलेला ग्राहक ‘मी जवळच राहतो, स्वतः येऊन नेतो’ असे कळवितो, विक्रेता सद्भावनेने वस्तू त्याच्या स्वाधीन करतो, आणि पुढे ‘वस्तू मिळालीच नाही’ अशी तक्रार रुजू झाली म्हणजे पार्सलचा माग दाखविणारा क्रमांकच नसल्यामुळे त्या बिचाऱ्याची बाजू लंगडी पडते. अशा वेळी विनयपूर्वक नकार देऊन पार्सलच पाठवावे. प्रत्यक्ष नेण्याचाच पर्याय प्रथमपासून ठरला असेल, तर ग्राहकाजवळील क्यूआर कोड अथवा सहा अंकी संकेतांक वस्तू हातची सोडण्यापूर्वी ॲपमध्ये नोंदवून घ्यावा. ग्राहकाने भावाला पाठविले, तरी हा दंडक शिथिल करू नये.

पार्सल व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावरच जावे. मागाहून संदेशाने कळविलेल्या पत्त्यावर पाठविल्यास विक्रेत्याचे संरक्षण जाते. अमेरिकेतील ईबेवर एकूण रक्कम ७५० डॉलर वा अधिक असेल, तर पोहोचल्याची स्वाक्षरी अनिवार्य आहे. घड्याळाच्या पाठीवरील क्रमांकाचे छायाचित्र बांधणीपूर्वी अवश्य काढावे, कारण बदललेली वस्तू परत आल्यास तेच उपयोगी पडते. तक्रारीचा खुलासा कामकाजाच्या ३ दिवसांच्या मुदतीत, आणि तोही ईबेच्याच संदेशपेटीतून करावा.