पहिला पिकलेला टोमॅटो कोणाच्या ताटात?



धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास ज्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात टोमॅटोचे बी टाकले होते, त्यांच्या दारात आता फळ लाल होऊ लागले असेल. 7 फेब्रुवारीला रमाई जयंती. त्या आधी-नंतरचे हे दिवस म्हणजे घरच्या टोमॅटोचा खरा हंगाम. थंडीचे ऊन आणि कोरडी हवा या झाडाला मानवते. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर टोमॅटोविषयी बोलू.

मागच्या वर्षी रक्त तपासणीसाठी आम्ही एका वस्तीत घरोघर फिरत होतो. एका ताईंनी पत्र्यावर तीन डबे ठेवून झाडे वाढवली होती. हिमोग्लोबिन निघाले आठ. आम्ही विचारले, "ताई, एवढे टोमॅटो लागलेत, तुम्ही किती खाल्ले?" त्या हसल्या. "आमचं काय, पोरांनी खाल्लं म्हणजे झालं." चांगली पिकलेली सहा फळे त्यांनी पाहुण्यांसाठी फ्रीजमध्ये जपून ठेवली होती. चार-पाच दिवसांनी कापली तर धाकटा म्हणाला, "आई, हा तर बाजारातल्यासारखाच पांचट लागतोय."

तीन महिने पाणी घातले, उंदरांपासून राखले, आणि शेवटी चव गेली ती गेलीच. जिला रक्ताची गरज होती तिच्या ताटातही काही आले नाही. या दोन्ही गोष्टी टाळता येतात.

बाजारातला टोमॅटो पांचट का लागतो?

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून टोमॅटो ट्रकने दूरदूर जातो. वाटेत फुटू नये म्हणून तो टणक असतानाच तोडतात, कित्येकदा हिरवट असताना. वाणही जाड सालीचे आणि टिकणारे निवडलेले असते. चवीचा विचार त्यानंतर. शेतकऱ्याचाही यात दोष नाही. त्याला कधी भाव मिळतो, कधी माल रस्त्यावर ओतावा लागतो.

आणि आपण घेतो तो कधी? संध्याकाळी बाजार उठताना, वाट्यावर. दिवसभर निवडून उरलेला, दबलेला. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, तेव्हा तर वस्तीतल्या कालवणातून तो गायबच झाला होता. म्हणून दारातल्या डब्याचे मोल मोठे आहे. किलोच्या हिशेबाने तो घर चालवणार नाही, पण झाडावर पिकलेल्या टोमॅटोची चव पैसे मोजूनही सहसा मिळत नाही. ती आपल्या दारात मिळते.

तोडायचा कधी, ठेवायचा कुठे?

फळ पूर्ण लाल झाले, अंगठ्याने हलके दाबले तर किंचित दबते आणि देठाजवळ नाक नेले की वास येतो, तेव्हा ते तयार झाले असे समजा. सकाळी तोडून त्याच दिवशी खाल्ले तर उत्तम.

उंदीर, पाखरे किंवा खोडकर पोरे यांचा त्रास असेल तर थांबून नुकसान करू नका. बुडाकडून गुलाबी रंग चढू लागला की फळ तोडले तरी चालते. या टप्प्यानंतर ते घरातही चांगले पिकते, चवीत फारसा फरक पडत नाही. पार हिरवे तोडलेले मात्र तसे पिकत नाही. त्याची भाजी किंवा ठेचा करा.

तोडलेली फळे टोपलीत, सावलीत, हवेशीर जागी ठेवा. देठाची बाजू खाली करून ठेवली तर ती जास्त टिकतात, एकावर एक रचली तर दबतात. फ्रीजमध्ये ठेवू नका. टोमॅटोची अर्धी चव त्याच्या वासात असते. तो वास फळ पिकताना आतल्या आत तयार होत असतो आणि थंडीत ते काम मंदावते. फार पिकलेले किंवा कापलेले फळ तेवढे फ्रीजमध्ये झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशीच संपवा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

चव झाडावरही ठरते. डबा अशा जागी हवा जिथे निदान सहा तास ऊन येते. एक दिवस डबा भरून पाणी आणि चार दिवस कोरडे, असे केले तर फळ तडकते. रोज बेताचे पाणी द्या. फळे रंगू लागली की पाणी थोडे कमी करा, पण झाड कोमेजू देऊ नका. जास्त पाण्याने फळ फुगते आणि चव पातळ होते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालेल. साबणाचे किंवा गटाराचे पाणी घालू नका. कीटकनाशकाचा किंवा कारखान्यातल्या रसायनाचा डबा कितीही धुतला तरी झाडासाठी घेऊ नका.

टोमॅटोने रक्त वाढते का?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. रंग लाल म्हणून रक्त वाढते, असे नाही. टोमॅटोत लोह फार थोडे असते. पण त्यात क जीवनसत्त्व असते, आणि मेथी, चवळी, मटकी, डाळ, बाजरीची भाकरी यांतले लोह शरीरात शोषले जायला त्याची मदत होते. म्हणजे टोमॅटो एकटा खाण्यापेक्षा जेवणासोबत खाल्लेला कामाचा.

शिजवल्यावर क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होते. म्हणून एक फळ कच्चे, जेवतानाच चिरा. कांदा, कोथिंबीर आणि शेंगदाण्याचा कूट घालून कोशिंबीर करा, किंवा नुसत्या फोडी भाकरीसोबत घ्या. उरलेल्यांची सुकट-टोमॅटो करा. सुकटीमुळे प्रथिनेही मिळतात. लोखंडी तव्यावर टोमॅटोची चटणी परतली तर तव्यातले थोडे लोह चटणीत उतरते. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्याने लोह नीट शोषले जात नाही. तासभर थांबा.

काही सावधगिरीच्या गोष्टी. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. त्यावर नुसत्या टोमॅटोने भागणार नाही. तपासणी करा, सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. घरात कोणाला असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मूत्रपिंडाच्या आजारात टोमॅटो किती खावा, हेही त्यांनाच विचारा. पित्ताने जळजळ होत असेल तर उपाशीपोटी खाऊ नका. बीपी असेल तर फोडींवर मीठ भुरभुरू नका. चांगल्या पिकलेल्या फळाला मिठाची गरजही पडत नाही.

शेवटी उरलेले नको

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, तर त्याच वयाच्या पुरुषांत 25 टक्के. घर एक, चूल एक, मग एवढा फरक का? मासिक पाळी आणि बाळंतपणे हे एक कारण. पण सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे राहील ते खायचे, ही सवय दुसरे.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, फेकलेले शिळे तुकडे घेऊ नका. समाजाने ते ऐकले आणि मान ताठ केली. आता आम्ही आपल्याच घरातल्या पुरुषांना आणि मुलांना विचारतो, गावाचे उरलेसुरले नाकारणाऱ्या घरात आईने, सुनेने उरलेसुरले का खावे?

म्हणून यंदा एक करा. डब्यातला पहिला पिकलेला टोमॅटो मुलाने किंवा नवऱ्याने स्वतः चिरावा आणि घरातल्या बाईला जेवायला बसवून तिच्या ताटात वाढावा. तिने "आधी तुम्ही घ्या" म्हटले तरी ऐकू नये.

आणि सगळ्यात चवदार फळाचे बी राखून ठेवा. गरासकट पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, चोळून धुवा, सावलीत कागदावर वाळवा. संकरित वाणाचे बी तसेच फळ देईल असे नाही, गावठी वाणाचे सहसा देते. रमाई जयंतीला विहारात येताना ते बी पुडीत बांधून आणा आणि शेजारणीला द्या.

नमो बुद्धाय, जय भीम!