ओळीखाली ओळ

मूळ ग्रंथाच्या प्रत्येक ओळीखाली तिचा अर्थ लिहीत जाण्याची रीत संगणकाने निर्माण केलेली नाही. तिची वहिवाट कित्येक शतकांची आहे. आठव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सिद्ध झालेल्या लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांत, पुढे दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या एका धर्मोपदेशकाने, दोन ओळींमधल्या अरुंद अवकाशात बारीक अक्षरांनी त्या काळच्या इंग्रजीतील प्रतिशब्द भरले, आणि ते हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आपल्याकडच्या पोथ्यांतही मुळाबरोबर अर्थ कोठे मांडावा हा प्रश्न लेखकांनी आपापल्या परीने सोडविलेला दिसतो. पानाच्या मध्यभागी मूळ श्लोक ठसठशीत अक्षरांत आणि त्याच्या वरच्या व खालच्या बाजूस टीका बारीक अक्षरांत, अशा मांडणीस त्रिपाठ म्हणत. आणि आदिलशाही अमदानीतील द्विभाषिक कागदांत फारसी मजकुराखाली त्याचाच मराठी आशय मोडीत उतरलेला आढळतो, जेणेकरून ज्यास फारसी वाचता येत नाही अशा वतनदारासही हुकुमाचा तपशील उमजावा.

परंतु शब्दाखाली शब्द मांडण्याच्या कलेचा कळस पाहावयाचा असेल तर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या संपादकत्वाखाली १८९४ ते १९२८ या काळात झालेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचे खंड उघडावेत. त्यांपैकी सातवा खंड, जो १९०५ साली निघाला, तो मराठीस वाहिलेला आहे. बोलीबोलींतून मिळविलेली बायबलातील उधळ्या पुत्राची कथा त्यात रोमन लिपीत उतरविलेली असून, तिच्या शब्दांखाली त्यांचे इंग्रजी अर्थ ओळीने लावलेले आहेत. खालचा अर्थ लांबला की वरच्या दोन शब्दांमधील अंतर वाढवावयाचे आणि वरचा शब्द लांबला की खालची जागा मोकळी सोडावयाची, हे सारे शिशाच्या खिळ्यांनी आणि पट्ट्यांनी, पानामागून पान, ज्या जुळाऱ्यांनी साधले त्यांची नावे कोणी नोंदवून ठेवली नाहीत. त्या खंडांच्या विद्वत्तेइतकेच मला त्यांच्या हातांचे कौतुक वाटते.

जुळारी गेले आणि त्यांचे काम मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर उघडून बसणाऱ्या प्रत्येकाच्या शिरावर आले. निवृत्त शिक्षक एखाद्या स्तोत्राची सार्थ प्रत करतात, संशोधक विद्यार्थी जुन्या बखरीतील उतारे अर्थासह प्रबंधात घेतात, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलांना गणपतीपुढे आपण काय म्हणत आहोत हे कळावे म्हणून तिकडील मराठी कुटुंबांत आरत्यांखाली इंग्रजी अर्थ छापले जातात. यांतील बहुतेकांची पद्धत एकच असते: मूळ ओळ लिहावयाची, एंटरची कळ दाबावयाची, मग स्पेसची कळ वारंवार दाबून खालचा अर्थ डोळ्यांना बरा दिसेल अशा जागी ढकलावयाचा. आपल्या पडद्यावर ते साजरे दिसते. दुसऱ्याच्या यंत्रात टंक बदलला, अथवा स्वतःच अक्षर एका मापाने मोठे केले, की ती रचना पावसात भिजलेल्या रांगोळीसारखी विस्कटते, कारण अमुक अर्थ अमुक ओळीचा आहे ही गोष्ट लेखकाच्या मनात असली तरी यंत्रास ती कोणी सांगितलेलीच नसते.

यंत्रास काय सांगावयाचे हे ठरविण्यापूर्वी मात्र स्वतःशी एक निवाडा करावा लागतो, आणि तो तांत्रिक नव्हे, वाङ्मयीन आहे: अर्थाचे एकक कोणते धरावयाचे? शब्द, चरण, की संपूर्ण श्लोक? गीतेचा पहिलाच श्लोक घ्या. धृतराष्ट्राच्या प्रश्नात आधी स्थळ येते, मग जमलेल्यांचा हेतू, तिसऱ्या चरणात कौरव-पांडव आणि चौथ्यात क्रियापद व संजयाचे संबोधन. मराठी वाक्याचा ओघ साधारण ह्याच क्रमाने वाहत असल्यामुळे चरणाखाली चरण ठेवले तरी अर्थास कोठे इजा पोहोचत नाही. हाच श्लोक इंग्रजीत उतरवू म्हटले तर क्रियापद पुढे ओढून घ्यावे लागते आणि चरणांचा हिशेब चुकतो. उलट पसायदानाच्या नऊ ओव्यांपैकी दुसरीत क्रियापद तिसऱ्या चरणात आणि त्याचा कर्ता चौथ्यात आहे. आजच्या मराठीत सरळ अर्थ लिहावयाचा तर कर्ता आधी आणावा लागेल, म्हणजे चौथ्या चरणाचा अर्थ तिसऱ्याखाली जाऊन बसेल, आणि मराठी शिकणारा एखादा प्रामाणिक वाचक वरच्या शब्दाचा अर्थ खालच्या भलत्याच शब्दात शोधीत राहील. अशा ठिकाणी दोन्ही चरण एकत्र घेऊन त्यांखाली एकच अर्थ द्यावा. ओळींची संख्या जुळविण्याच्या हट्टापायी मराठीचे हातपाय मोडू नयेत. विनोबांनी गीताईत श्लोकास श्लोक दिला, आणि त्यांच्यापूर्वी वामन पंडितांनी समश्लोकीत तेच केले. परंतु श्लोकाच्या आत शब्दांना फिरण्याची मुभा दोघांनीही राखून ठेवली होती, हे विसरू नये.

एकक ठरले की पुढचे काम सोपे होते. वर्डमध्ये स्टाइल नावाची जी सोय आहे तिच्याकडे लोक शीर्षकापुरते पाहतात. वस्तुतः ती ह्या कामाचा कणा आहे. ‘मूळ’ आणि ‘अर्थ’ अशा दोन स्टाइली निर्माण कराव्यात. मूळ ओळीस ठळक अक्षर; अर्थाच्या ओळीस किंचित लहान अक्षर, डावीकडे थोडे अंतर आणि खाली पुरेशी मोकळी जागा. मूळ ओळीच्या खाली मात्र जागा सोडू नये, कारण कोणता अर्थ कोणत्या ओळीचा हे वाचकाचा डोळा अंतरावरूनच ताडतो आणि दोन्हीकडे सारखीच जागा असल्यास तो गोंधळतो. प्रत्येक स्टाइलच्या चौकटीत तिच्या पाठोपाठ कोणती स्टाइल यावी हे सांगण्याची तजवीज असते. तेथे ‘मूळ’नंतर ‘अर्थ’ आणि ‘अर्थ’नंतर ‘मूळ’ असे नेमून दिले की पुढे केवळ एंटर दाबीत लिहीत जावे, ओळी आपोआप आळीपाळीने आपापले रूप घेतात. ‘मूळ’ स्टाइलला ‘कीप विथ नेक्स्ट’ हा हुकूमही देऊन ठेवावा. मग श्लोक एका पानाच्या तळाशी आणि त्याचा अर्थ दुसऱ्या पानाच्या माथ्याशी, अशी ताटातूट होत नाही. एकाच अर्थावर दोन चरण असतील तर त्या चरणांमध्ये शिफ्ट आणि एंटर एकदम दाबून ओळ तोडावी, म्हणजे ते दोन्ही एकाच परिच्छेदात राहतात.

मूळ मजकूर आणि अनुवाद आधीच वेगवेगळ्या फायलींत तयार असतील, जसे बहुधा असतातच, तर ओळी एकाआड एक चिकटवीत बसण्याचे कारण नाही. दोन रकान्यांचा तक्ता करावा, डाव्या रकान्यात मूळ ओळी आणि उजव्यात अर्थ भरावा, एकेक रकाना निवडून त्यास आपापली स्टाइल लावावी आणि मग ‘कन्व्हर्ट टू टेक्स्ट’ ह्या आज्ञेत विभाजक म्हणून परिच्छेदचिन्ह निवडावे. तक्ता विरघळतो आणि प्रत्येक मूळ ओळीखाली तिचा अर्थ, आपल्या स्टाइलसकट, येऊन उभा राहतो. ही युक्ती प्रथम पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते ते पाहण्यासारखे असते. तक्ता मोडण्यापूर्वी रुजुवात मात्र करावी: एखादी ओळ गळाली असेल तर रकान्यांची असमान लांबी तेथेच डोळ्यांत भरते, मोडल्यावर ती चूक शोधणे कष्टाचे होते.

देवनागरी लिहिणाऱ्यास आणखी काही खाचखळगे ओलांडावे लागतात. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ असल्यामुळे तिचा टंक आणि तिचे माप रोमन अक्षरांपासून निराळे नोंदलेले असते. स्टाइलमध्ये माप वाढवूनही मराठी अक्षर जागचे हलत नाही, ह्या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच सापडते. दुसरी गोष्ट ओळींमधील अंतराची. ओळी जवळ याव्यात म्हणून काही जण ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय घेऊन एक आकडा भरतात, आणि वेलांट्यांचे व रफारांचे माथे छाटले जातात. रोमन लिपीस जे माप पुरते ते शिरोरेखेच्या वर आणि खालीही विस्तारणाऱ्या आपल्या लिपीस पुरत नाही, म्हणून तेथे ‘ॲट लीस्ट’ हाच पर्याय श्रेयस्कर. संस्कृत ओळींखाली तांबड्या नागमोडी रेघांची जी रांग उमटते ती ‘मूळ’ स्टाइलमध्ये शुद्धलेखन तपासू नये असे सांगितले की नाहीशी होते. टंकाची निवडही विचारपूर्वक करावी: संस्कृतातील अवघड जोडाक्षरे सांभाळणारा, मुंबईच्या आयआयटीत घडलेला शोभिका हा टंक मुळासाठी घ्यावा आणि अर्थासाठी एखादा साधा, सुटसुटीत टंक, दोहोंमध्ये ल आणि श यांचे वळण मराठी आहे की हिंदी, एवढे पाहून घ्यावे.

शब्दाखाली शब्दच हवा असेल, जसा तो भाषाशास्त्रज्ञास लागतो, तर स्टाइल अपुरी पडते. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेशी संबंधित भाषाशास्त्रज्ञांनी ह्या मांडणीची जी नियमावली केली आहे तिचा पहिलाच नियम असा, की खालचा प्रत्येक अर्थ वरच्या शब्दाच्या डाव्या कडेस जुळलेला असावा. वर्डमध्ये त्यासाठी रेघा पुसलेला तक्ता वापरावा, एका कप्प्यात एक शब्द आणि त्याखालच्या कप्प्यात त्याचा अर्थ. टॅबनेही हे साधते, पण ओळ लांबून खाली वळली की वरचे-खालचे नाते तुटते. जपानी अक्षरांवर उच्चार लिहिण्यासाठी केलेली जी सोय ह्या प्रणालींत आढळते तिचाही काहींना मोह पडतो. लिबरऑफिसात ती खालच्या बाजूसही वळविता येते, पण अक्षर इतके बारीक होते की मराठी वाचकाने चष्मा पुसावा की पान, हे त्यास कळू नये.

आणि आता बहुसंख्य वाचक फोनवर वाचतात. शेजारी-शेजारी दोन रकाने, डावीकडे मूळ आणि उजवीकडे भाषांतर, ही छापील पुस्तकांची दिमाखदार मांडणी फोनच्या अरुंद पडद्यावर एकतर दिसेनाशी बारीक होते किंवा उजवा रकाना पडद्याबाहेर जातो. तक्त्यात बसविलेल्या शब्दार्थांचीही तीच गत. स्टाइल लावून ओळीखाली ओळ लिहिलेला मजकूर मात्र पडद्याची रुंदी पाहून वळतो, आणि लांबलेला चरण दोनदा मुडपला तरी त्याचा अर्थ त्याच्याच खाली राहतो. म्हणून मंडळातील पन्नास जणांना गणेशोत्सवासाठी आरत्यांची सार्थ प्रत पाठवावयाची असेल तर कागदावर छापण्यासाठी एक पीडीएफ करून ठेवावी, आणि फोनवर वाचणाऱ्यांना तीच प्रत वर्डच्या मूळ रूपात, स्टाइलींसकट धाडावी. ज्यास अक्षर मोठे हवे तो ते मोठे करून घेईल.